बायका किती पाठवल्या ते ठीक, पण सकाळची गस्त कितीला निघते ते आधी सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की यूएनच्या शांतिसेनेत बायकांची टक्केवारी वाढवायची म्हणून एवढा गाजावाजा चाललाय, त्याने प्रत्यक्षात काही फरक पडतो का की नुसतं फोटोपुरतं आहे. आणि दुसरं म्हणजे तुमची धाकटी बहीण लष्करात कॅप्टन आहे, तिला मिलिटरी ऑब्झर्व्हर म्हणून, म्हणजे युद्धबंदी पाळली जाते का ते बघून कळवणारी अधिकारी म्हणून, नाव द्यायचंय, तर द्यावं का. दुसऱ्याचं उत्तर शेवटी देते, ते सोपं आहे. पहिल्याला वेळ लागेल. मी दोन मिशन केलीत, एक ऑब्झर्व्हर म्हणून आणि एक मुख्यालयात स्टाफ ऑफिसर म्हणून, त्या दुसऱ्या वेळी जेंडर फोकल पॉइंटचं, म्हणजे आपल्या कामासोबत या विषयाकडेही लक्ष ठेवायचं, काम गळ्यात पडलं, आणि नंतर बरीच वर्षं डिप्लॉयमेंटच्या आधीचं ट्रेनिंग घेतलं, त्यामुळे कुठे कडवट वाटलं तर चालवून घ्या.

आधी एक गल्लत सोडवू. लोक दोन गोष्टी एकाच पिशवीत टाकतात. एक, शांतिसेनेत किती बायका आहेत. दोन, शांतिसेना ज्या लोकांसाठी तिथे गेलीय त्यातल्या बायकांचा, मुलींचा, पुरुषांचा वेगवेगळा धोका तिला दिसतो का आणि दिसल्यावर ती आपलं काम बदलते का. जेंडर मेनस्ट्रीमिंग हा जो जड शब्द तुम्ही विचारलाय तो या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. पहिली मोजायला सोपी म्हणून सगळे तीच मोजतात. दुसरी मोजायची तर पॅट्रोल रिपोर्ट वाचावे लागतात आणि ते वाचायला कुणाला वेळ नसतो, खरं सांगायचं तर कंटाळा असतो.

दुसऱ्या मिशनमधलं उदाहरण देते, जागेचं नाव नको. विस्थापितांच्या कॅम्पभोवती आमच्या एका बटालियनची रोज गस्त निघायची सकाळी नऊच्या पुढे, कारण नाश्ता, रोलकॉल, गाड्यांची तपासणी, रेडिओ चेक हे सगळं उरकेपर्यंत नऊ वाजायचेच. रिपोर्टमध्ये आठवडेच्या आठवडे एकच ओळ, परिस्थिती शांत. आणि कॅम्पमधल्या बायका लाकूडफाट्याला निघायच्या पहाटे साडेचारला, ऊन चढायच्या आत परत यायचं म्हणून, आणि ज्या काही घटना व्हायच्या त्या त्याच दोन-अडीच तासांत नाल्याच्या पलीकडे व्हायच्या. म्हणजे गस्त खोटं लिहीत नव्हती, नऊ वाजता खरंच सगळं शांत असायचं! हे कळलं कसं तर कुठल्या सर्व्हेतून नाही, दवाखान्यातली नर्स आणि आमची स्थानिक दुभाषी या दोघींच्या बोलण्यातून. मग वेळ बदलायला सहा आठवडे लागले, कारण कुकहाउसच्या वेळेपासून इंधनाच्या हिशोबापर्यंत सगळं हलवावं लागलं, आणि बटालियन कमांडर पहिल्यांदा म्हणाले की हे जेंडरचं काम आहे, ते तुमच्या सेक्शनने करावं. मी म्हटलं सर, गाड्या तुमच्या आहेत.

हे मी एवढं लांबण लावून सांगतेय कारण माझ्या मते सगळा विषय इथेच आहे. गस्त बदलली तर जेंडरचं काम झालं, नाही बदलली तर कितीही पोस्टर लावा. सुदानच्या डारफुर भागात अशा लाकूडफाट्याच्या गस्ती आधी आफ्रिकन युनियनच्या मिशनने आणि नंतर यूएन-आफ्रिकन युनियनच्या संयुक्त मिशनने काढल्या होत्या. कल्पना चांगलीच आहे, पण ती टिकते फक्त वेळ पाळली तर. बायकांना सांगितलं मंगळवारी येतो आणि मंगळवारी गाडी नाही आली, की पुढच्या वेळी त्या थांबत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही कारण चूल काही आपल्यासाठी थांबत नाही.

आता मागे काय झालं ते थोडं. १९५७ ते १९८९ या काळात यूएनच्या गणवेशातल्या बायका सगळ्या मिळून जेमतेम वीस होत्या, हजारात नाही, वीस. १९९३ ला हे प्रमाण १ टक्का होतं. नव्वदच्या दशकात मिशनचं काम बदललं, नुसती युद्धबंदीची रेषा राखायची एवढंच न राहता निवडणुका, पोलिस सुधारणा, हत्यारं जमा करणं, विस्थापितांची परती असं सगळं अंगावर आलं, आणि मग लक्षात आलं की गावातल्या अर्ध्या लोकांशी आपण बोलतच नाहीये. मे २००० मध्ये नामिबियात विंडहुकला बैठक झाली, तिथे शांतिमोहिमांच्या सगळ्या कामात बायका-पुरुष दोघांचा विचार व्हावा असा विंडहुक जाहीरनामा निघाला, आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला सुरक्षा परिषदेचा ठराव १३२५, शांततेच्या निर्णयांत बायकांचा सहभाग आणि युद्धात त्यांचं संरक्षण हवं असं सांगणारा, मंजूर झाला, तेव्हा परिषदेचं अध्यक्षपद नामिबियाकडेच होतं. हे मुद्दाम सांगते कारण ट्रेनिंगमध्ये दर वेळी कुणीतरी उठून म्हणतोच की हे सगळं श्रीमंत देशांचं खूळ आहे. नामिबिया स्वतः यूएन मिशनच्या देखरेखीखाली निवडणूक घेऊन १९९० ला स्वतंत्र झालेला देश, मिशन म्हणजे काय हे त्यांनी घरात बघितलेलं.

१३२५ नंतर ठरावांची रांग लागली, सगळे पाठ करायची गरज नाही. २००८ चा १८२० लक्षात ठेवा, युद्धातला लैंगिक हिंसाचार हा शांतता-सुरक्षेचा प्रश्न आहे हे त्यात स्पष्ट म्हटलं. २००९ चा १८८८, त्यातून या विषयाचा खास प्रतिनिधी आणि मिशनमध्ये विमेन्स प्रोटेक्शन ॲडव्हायझर आले. २०१५ चा २२४२, त्यात पुढच्या पाच वर्षांत मिलिटरी आणि पोलिसातल्या बायका दुप्पट करा असं म्हटलं होतं. आणि २०२० चा २५३८, हा फक्त पीसकीपिंगमधल्या बायकांबद्दलचा पहिला ठराव. जेंडर ॲडव्हायझर आणि विमेन्स प्रोटेक्शन ॲडव्हायझर हे दोन वेगळे आहेत बरं का, पहिला संपूर्ण मिशनच्या कामाकडे बघतो, दुसरा लैंगिक हिंसाचाराच्या माहितीवर आणि संरक्षणावर. मिशनमध्येसुद्धा निम्म्या लोकांना हा फरक माहीत नसतो आणि कुणीही कुणालाही फोन करतो.

कोटा आहे का असंही तुम्ही विचारलंय. कायदेशीर कोटा म्हणता येणार नाही, पण टार्गेट आहेत आणि ती बऱ्यापैकी टोचतात. २०१८ ते २०२८ साठी यूएनने गणवेशधारी लोकांसाठी धोरण केलं त्यात २०२८ पर्यंत मिलिटरी कंटिंजंटमध्ये (देशाने पाठवलेली अख्खी सैन्य तुकडी) १५ टक्के, ऑब्झर्व्हर आणि स्टाफ ऑफिसरमध्ये २५, फॉर्म्ड पोलिस युनिटमध्ये (एकत्र येणारी शस्त्रधारी पोलिस तुकडी) २० आणि सुटे पोलिस अधिकारी ३० टक्के असं ठरलं. २०२० ला सुमारे ९५ हजार पीसकीपर्समध्ये कंटिंजंटमधल्या बायका होत्या ४.८ टक्के आणि फॉर्म्ड पोलिस युनिटमध्ये १०.९. आता गंमत बघा, ऑब्झर्व्हर-स्टाफ ऑफिसरचा आकडा चटचट वर गेला आणि कंटिंजंटचा रांगत राहिला. का? कारण ऑब्झर्व्हरच्या जागा एकेकट्या असतात, देशाने पुरेशा बायका नाही पाठवल्या तर न्यूयॉर्कचं यूएन मुख्यालय ती जागा दुसऱ्या देशाला देऊ शकतं, आणि जागा गेली की मंत्रालयात लगेच हालचाल होते. कंटिंजंट म्हणजे आठशे जणांची अख्खी बटालियन, यूएनला ती हवीच असते, तिथे नाही म्हणायची कुणाची टाप नसते. शिवाय बटालियन घरी जशी असते तशीच येते. ज्या सैन्याच्या इन्फन्ट्रीतच बायका नाहीत ते मिशनला कुठून आणणार, मग मेडिकल, सिग्नल, लॉजिस्टिकमधून गोळा करून आकडा भरतात, आणि त्या बायका मिशनभर कॅम्पच्या गेटच्या आतच राहतात. टक्केवारी वाढली, गावाने मात्र एकही बाई बघितली नाही.

म्हणून मी नेहमी विचारते की ती दिवसभर करते काय. गेटबाहेर किती वेळा गेली, पॅट्रोल लीडर म्हणून गेली की मागच्या सीटवर, रिपोर्ट तिने लिहिला की दुसऱ्याने लिहून तिची सही घेतली.

अडचणी कुठे येतात त्याचा कॅनडाने सुरू केलेल्या एल्सी इनिशिएटिव्हमध्ये बराच अभ्यास झालाय. नोव्हेंबर २०१७ ला व्हँकुव्हरच्या परिषदेत जाहीर झालेलं हे, नाव एल्सी मॅकगिल या विमान-इंजिनियर बाईंचं. त्यातून एक फंडही उभा राहिला, तो अडथळे शोधायला आणि दूर करायला देशांना पैसे देतो. पण मला जे दिसलं ते सांगते. पहिला अडथळा म्हणजे बातमीच पोचत नाही. जागा निघाल्याचं पत्र युनिटमध्ये येतं, कमांडिंग ऑफिसर मनातल्या मनात ठरवतो की हिला लहान मूल आहे ही काय जाणार, आणि नाव पुढे जातच नाही, तिला विचारलेलंसुद्धा नसतं. दुसरा, ड्रायव्हिंग. ऑब्झर्व्हरला फोर बाय फोर हाताने गिअर टाकून चिखलात चालवता यावी लागते, टेस्ट होते, आणि नापास झालं तर परत पाठवायची वेळ येऊ शकते, आणि कित्येक सैन्यांत अधिकाऱ्याला ड्रायव्हर असतो त्यामुळे पुरुष अधिकारीही तिथे आपटतात, पण पुरुष आपटला तर तो एकटा आपटतो, बाई आपटली तर सगळ्या बायका आपटल्या. तिसरा रँक. ऑब्झर्व्हरला साधारण कॅप्टन-मेजर लागतात, आणि पंधरा वर्षांपूर्वी बायका कमी भरती केल्या असतील तर आज मेजर कुठून येतील, याला काही जादू नाही. लहान मुलांचं म्हणाल तर सात वर्षांखालचं मूल असलेल्या बाईला वर्षाऐवजी सहा महिन्यांचं डिप्लॉयमेंट घ्यायची सवलत यूएनने दिलीय, ती चांगली आहे. माझ्या वेळी असती तर बरं झालं असतं, असो.

आणि संडास. हसू नका. एका कॅम्पमध्ये बायकांचा संडास जनरेटरच्या पलीकडे, मध्ये दिवा नाही, वाटेत पुरुषांची बॅरक. मग सात वाजल्यानंतर बायका पाणी पिणंच बंद करायच्या, चाळीस डिग्रीत. दोघींना लघवीचं इन्फेक्शन झालं, एकीला ड्रिप लावावं लागलं, आणि मेडिकल रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की महिला कर्मचाऱ्यांत आजारपणाचं प्रमाण जास्त. आता हा रिपोर्ट वाचणाऱ्या वरच्या साहेबाने काय निष्कर्ष काढायचा? एक दिवा आणि एक कंटेनर हलवला की प्रश्न मिटला असता, आणि पुढे मिटलाही. बुलेटप्रूफ जॅकेटचंही तेच, पुरुषी मापाचं जॅकेट बाईच्या खांद्यावर नीट बसत नाही, बसून वाकलं की वर सरकतं, रायफल खांद्याला लागत नाही, मग फायरिंगचा स्कोअर खाली. स्कोअर मात्र तिच्या नावावर जातो, जॅकेटच्या नाही.

आता लायबेरिया, पश्चिम आफ्रिकेतला यादवीतून बाहेर आलेला देश, कारण तुम्ही त्या सगळ्या-बायकांच्या भारतीय पोलिस तुकडीबद्दल विचारलंय. जानेवारी २००७ मध्ये सीआरपीएफच्या शंभराहून जास्त बायकांचं फॉर्म्ड पोलिस युनिट राजधानी मोनरोव्हियात उतरलं, पहिल्या तुकडीच्या कमांडर सीमा धुंडिया, आणि सोबत मदतनीस म्हणून थोडे पुरुष, म्हणजे नेहमीचं उलटं चित्र. अशा एकामागून एक तुकड्या फेब्रुवारी २०१६ पर्यंत तिथे राहिल्या. यूएनच्या इतिहासातलं हे पहिलं असं युनिट. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाची सुरक्षा, जमाव आवरणं, रात्रीच्या गस्ती, आणि त्याशिवाय स्थानिक मुलींना स्वसंरक्षण वगैरे शिकवणं. राष्ट्राध्यक्ष होत्या एलन जॉन्सन सरलीफ, म्हणजे आत खुर्चीत बाई आणि दारावर रायफल घेऊन बाई, हे चित्र मोनरोव्हियाच्या मुलींनी नऊ वर्षं बघितलं, त्याची किंमत मी कमी करणार नाही.

पण या गोष्टीला जे चिकटवतात ते तपासून घ्यावं. लायबेरियाच्या सुरक्षा दलांत बायकांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ वर गेलं, आणि ते या तुकडीमुळे असं सरसकट सांगतात. थोडं असेलही. पण त्याच काळात तिथल्या पोलिसांनी २० टक्क्यांचं टार्गेट घेतलं होतं, आणि युद्धामुळे मुलींचं हायस्कूलच राहून गेलेलं त्यामुळे भरतीची अट पूर्ण व्हायची नाही, म्हणून खास वर्ग काढून त्यांना शाळा पूर्ण करून दिली आणि मग भरती केली. या वर्गाचे फोटो कुठे छापून येत नाहीत, कारण बाकावर बसून गणित सोडवणाऱ्या बायकांचा काय फोटो काढणार. शिवाय फॉर्म्ड पोलिस युनिट तक्रार नोंदवत नाही, तपास करत नाही, ते शस्त्रधारी राखीव दल आहे. म्हणजे बलात्कार झालेल्या बाईने त्यांच्याकडे जाऊन सांगायचं तर ते पुढे पाठवण्यापलीकडे फार काही करू शकत नाहीत, तिच्यासाठी लायबेरियाच्या पोलिसांतच महिला आणि बालकांचा वेगळा विभाग २००५ पासून उभा केलेला होता. दोन्ही लागतं. फक्त कोण काय करतं ते नीट माहीत असावं.

बाई बाईशी बोलते हे मात्र खरं आहे, त्यात वाद नाही. बऱ्याच ठिकाणी घरातली बाई परक्या पुरुष सैनिकासमोर येतच नाही, आली तर नवरा-दीर बोलतो. म्हणून आता इन्फन्ट्री बटालियनमध्ये एंगेजमेंट प्लाटून, म्हणजे गावकऱ्यांशी बोलायची छोटी तुकडी, ठेवतात, बायका-पुरुष मिश्र. काँगोच्या मिशनमध्ये मेजर राधिका सेन यांनी अशीच प्लाटून चालवली, लोकांना धोका कळवता यावा म्हणून गावोगावी अलर्ट नेटवर्क बांधली, त्यासाठी त्यांना २०२३ चा मिलिटरी जेंडर ॲडव्होकेटचा यूएन पुरस्कार मिळाला. त्याआधी २०१९ चा मेजर सुमन गवानी यांना, दक्षिण सुदानमधल्या कामासाठी, ब्राझीलच्या एका नौदल अधिकारी बाईंबरोबर. गवानी यांच्या कामातला मला आवडलेला भाग म्हणजे त्यांनी २३० हून जास्त ऑब्झर्व्हरना युद्धातल्या लैंगिक हिंसाचाराबद्दल तयार केलं, आणि ऑब्झर्व्हर बहुतेक पुरुषच असतात. माझ्या दृष्टीने ती एक पुरस्कारवाली बाई यापेक्षा ती दोनशे तीस माणसं जास्त महत्त्वाची, कारण प्रत्येक पॅट्रोलला बाई असेलच असं नाही आणि पुरुषाला हे दिसत नसेल तर त्या दिवशीची गस्त आंधळीच.

एंगेजमेंटमधला धोका फार कमी लोक बोलतात. गावातली बाई आपल्या बाई-सैनिकाशी पंधरा मिनिटं बोलली, गाडी निघून गेली, आणि संध्याकाळी हत्यारवाले तिच्या दारात, काय सांगितलंस म्हणून. आपली गस्त पुन्हा येणार शुक्रवारी. म्हणून एका बाईशी कधी वेगळं बोलू नये, पाच-सात जणींशी, पाण्यावर, बाजारात, सगळ्यांसमोर, आणि आजचा विषय पाणी-रस्ता-शाळा असा ठेवावा, खरं काय ते दोन-तीन भेटींनी आपोआप येतं. आणि काय झालं, कोणी केलं, कसं केलं असं खोदून कधीच विचारू नये, ते काम प्रशिक्षित लोकांचं. नवख्या मुली उत्साहाने नोटबुक उघडतात आणि सगळं लिहून घेतात, नावासकट! मी दोनदा अशी पानं जाळायला लावलीत. दुभाषी कोण आहे हेही बघा. सैनिक बाई आणि दुभाषा त्याच गावच्या मुखियाचा पुतण्या, मग काय उपयोग.

आता मला ज्या विषयावर थांबवणं कठीण जातं तो, हत्यारं जमा करण्याचा. लढणाऱ्यांनी बंदूक द्यायची आणि बदल्यात पैसे, ट्रेनिंग, पुनर्वसन घ्यायचं, त्याला आमच्यात डीडीआर म्हणतात. सिएरा लिओनमध्ये यादवीनंतर या कार्यक्रमात यायचं तर बंदूक दाखवावी लागायची, आणि ती खोलून परत जोडून दाखवायची परीक्षा. कागदावर अगदी बिनचूक नियम, सगळ्यांना सारखा. पण बंडखोरांच्या टोळ्यांत हजारोंनी बायका-मुली होत्या, पळवून नेलेल्या, स्वयंपाक करणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, कमांडरच्या बायको म्हणून ठेवलेल्या, काही लढणाऱ्याही, आणि त्यांच्या हातात त्या दिवशी बंदूक नव्हती, किंवा होती ती कमांडरने काढून आपल्या माणसाला दिली. त्या बाहेर राहिल्या. ना पैसे, ना ट्रेनिंग, आणि घरी जावं तर अंगावर टोळीचा शिक्का. नियम करणाऱ्यांनी बायकांना वगळा असं कुठेच लिहिलं नव्हतं. फक्त लढवय्या म्हणजे कोण याची व्याख्या करताना टोळी चालते कशी हे कुणी विचारलं नाही.

लायबेरियात याचा धडा घेतला आणि २००३-०४ च्या कार्यक्रमात टोळीशी संबंधित बायकांना बंदुकीशिवाय प्रवेश दिला. एक लाखाहून जास्त लोक आले, त्यात सुमारे २२ हजार बायका. पण बंदुका जमा झाल्या सुमारे २८ हजारच, म्हणजे बरेच भलते लोकही घुसले, कमांडरांनी आपले नातेवाईक आणून बसवले, पैसे वाटेतच संपत आले. टीकाकार हे दाखवतात आणि ते खोटं नाही. तरीही मला निवडायला सांगितलं तर मी लायबेरियाची चूक निवडेन. दहा भलते लोक घुसले तर पैसे वाया जातात, दहा मुली बाहेर राहिल्या तर त्या परत त्याच कमांडरकडे जातात कारण दुसरीकडे जेवायला कोण घालणार. जेंडर ॲडव्हायझर कशासाठी असतो असं विचारलंत तर यासाठी, नियमाचा मसुदा होतो त्या दिवशी त्या खोलीत बसायला. छापून झाल्यावर त्याला बोलावतात, तेव्हा तो फक्त प्रस्तावना सुंदर करू शकतो.

एक गोष्ट मला न चिडता लिहिता येत नाही. शांतिसैनिकांनीच स्थानिक बायका-मुलांवर केलेले अत्याचार. ज्यांना वाचवायला गेलो त्यांच्याच पोरींना पावाच्या बदल्यात वापरलं गेलं, हे झालंय, एकदा नाही, अनेक मिशनमध्ये. २००३ मध्ये यूएनच्या महासचिवांचं बंदीचं परिपत्रक निघालं, अठरा वर्षांखालच्या कुणाशीही संबंध नाही, पैसे-अन्न-नोकरीच्या बदल्यात संबंध नाही. तरी २००७ ला हैतीतून एका देशाच्या शंभराहून जास्त सैनिकांना परत पाठवावं लागलं. परत पाठवणं एवढंच यूएनच्या हातात, कारण कंटिंजंटच्या सैनिकावर खटला चालवायचा हक्क त्याच्या देशाचा, आणि घरी गेल्यावर काय होतं ते पीडितेला बहुतेक वेळा कळतच नाही. २०१६ च्या ठराव २२७२ ने एवढं केलं की एखाद्या युनिटमध्ये हे सर्रास चाललंय असं दिसलं तर अख्खं युनिट परत पाठवता येतं. हे दात आहेत, थोडे का होईना.

आणि यावर उपाय म्हणून सांगतात काय, तर बायका जास्त पाठवा म्हणजे पुरुष नीट वागतील. मला हे वाक्य ऐकलं की तिडीक जाते. म्हणजे माझी नेमणूक माझ्या नकाशावाचनासाठी नाही, माझ्या सहकाऱ्यांवर पहारा ठेवायला आहे? पुरुष नीट वागायला हवेत कारण त्यांचा कमांडर शिस्त लावतो आणि न लावल्यास त्याचं करिअर जातं. बायका असल्या की तक्रार बाहेर यायची शक्यता वाढते हे मान्य, कारण गावातली पोर कुणाला तरी सांगू शकते. पण जबाबदारी त्यांच्या डोक्यावर टाकू नका. तसंच ते बायका स्वभावतःच शांत आणि मायाळू असतात वालं. मी काही फारशी मायाळू नाही, माझ्या टीमला विचारा. बायका हव्यात कारण ती त्यांचीही नोकरी आहे, त्यांचाही हक्क आहे, आणि सगळे एकाच प्रकारचे लोक बघायला ठेवले तर एकाच प्रकारच्या गोष्टी दिसतात. पुरुष-मुलांवरचा लैंगिक हिंसाचारही याच कामात येतो, तो तर कुणी विचारतच नाही.

वाटाघाटींबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळाच विषय आहे. लायबेरियाच्या बायकांनी २००३ ला घानाच्या राजधानीत, आक्र्यात, यादवी थांबवायच्या चर्चेच्या हॉलबाहेर ठाण मांडून पुरुषांना उठू दिलं नाही, त्यांच्या नेत्या लेमा बोवी यांना २०११ चं नोबेल मिळालं. पण टेबलावर त्या नव्हत्या, दाराबाहेर होत्या. मिशनने एवढं तरी करावं की स्थानिक बायकांच्या संघटनांना महिन्यातून एकदा फोटोसाठी न बोलावता आपला सुरक्षेचा आढावा जिथे होतो तिथे बसवावं, आणि येण्याजाण्याचा खर्च द्यावा. हा खर्च दिला नाही म्हणून रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या मी मोजल्यात.

आता बहिणीचं. हो, नाव द्यावं. पण जायच्या आधी तीन महिने तिला रोज गिअरची जड गाडी चालवायला लावा, रिव्हर्ससकट, चाक बदलण्यासकट. इंग्रजीत पॅट्रोल रिपोर्ट लिहायचा सराव, अर्ध्या पानात, कोण-कुठे-कधी-किती, विशेषणं नकोत. जीपीएस बंद पडलं तर नकाशावर. तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिला टीम साइटवर, म्हणजे जिथून गस्ती निघतात त्या बाहेरच्या ठाण्यावर, टाकतात की मुख्यालयात टेबलावर ठेवतात ते बघा, कारण काळजीपोटी बायकांना मुख्यालयात ठेवायची फार हौस असते. ठेवलं तर तिने टीम साइटची मागणी लेखी करावी, तोंडी केलेली मागणी पुढच्या रोटेशनपर्यंत हवेत विरते. पॅट्रोल लीडरची पाळी तिच्या नावावर रोस्टरमध्ये आली पाहिजे, इतरांइतकीच. आणि टीममध्ये ती एकटीच बाई असेल तर पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणेल की जेंडरचं काम आता तू बघ. तिने हो म्हणावं, हरकत नाही, पण लगेच विचारावं की मग गस्तीच्या वेळा ठरवायच्या मीटिंगला मी बसणार ना. तिथे मान हलली तर काम घ्यावं. नाही हलली तर एक हुशार पुरुष सहकारी शोधावा, त्याला फोकल पॉइंट करावं, आणि स्वतः गाडी घेऊन बाहेर पडावं.